बकरा कोण? – एका चावट म्हातारीची गोष्ट



सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत आठवड्याला मराठीचे मोजकेच तास, आणि त्यातला अर्धा वेळ ऱ्हस्व-दीर्घातच जायचा. त्यामुळे मी मराठी विभागाला लेख देतेय म्हटल्यावर रूममेट फिस्सकन हसली. "तू? मराठीत? कुणाकडून लिहून घेणार?" पण मला जे सांगायचंय ते इंग्रजी विभागात छापलं असतं, तर ज्यांनी ते वाचावं असं मला सगळ्यात जास्त वाटतं, त्यांनाच वाचता आलं नसतं. त्या कोण, ते पुढे येईलच. तोपर्यंत शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तर विषय आहे एका म्हातारीचा. म्हातारी आयरिश आहे, चावट आहे आणि मुख्य म्हणजे ती म्हातारी नाहीच!

माझी मावसबहीण डब्लिनला नोकरी करते. मागच्या दिवाळीत ती आली होती तेव्हा फराळाचं ताट पुढ्यात घेऊन तिने मला लॅपटॉपवर काही जुन्या क्लिप्स दाखवल्या. "हे बघ, तिकडचे लोक अजून याच्यावर हसतात," म्हणाली. पहिली दोन मिनिटं मला एक अक्षर कळलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये इतकी वर्षं इंग्रजी शिकून मी चक्क सबटायटल शोधत होते! डब्लिनच्या रस्त्यावरचं इंग्रजी म्हणजे आपल्या सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीचा लांबचा भाऊ, तोही घरातून पळून गेलेला.

कार्यक्रमाचं नाव 'नेकेड कॅमेरा'. आरटीई टू या वाहिनीवर तो २००५ ते २००७ या काळात दाखवला गेला. (आरटीई म्हणजे आपला शिक्षणहक्क कायदा नव्हे! आपल्याकडे दूरदर्शन, तसं त्यांच्याकडे आरटीई.) म्हणजे माझा जन्म झाला त्याच सुमाराचा कार्यक्रम. पीजे गॅलघर, मेव्ह हिगिन्स आणि पॅट्रिक मॅक्डॉनल हे तीन विनोदी कलाकार वेगवेगळी सोंगं घेऊन लोकांमध्ये जायचे, कॅमेरा लपवलेला असायचा, आणि समोरच्या बिचाऱ्याला काही माहीत नसायचं. यातलं गॅलघरचं एक सोंग फार गाजलं, 'डर्टी औल वॉन'. 'औल वॉन' म्हणजे डब्लिनच्या बोलीत म्हातारी बाई. मराठीत आपण तिला 'चावट म्हातारी' म्हणू.

म्हातारी काय करते? सांगायला गेलं तर फारसं काही नाही. रस्त्यातल्या एखाद्या अनोळखी माणसाशी बोलायला लागते. समोरचा माणूस, विशेषतः तरुण मुलगा, आपला थांबतो. म्हातारी बाई आहे, काही मदत लागत असेल, असं त्याला वाटतं. आणि मग आजीबाईंच्या तोंडून अशी काही वाक्यं बाहेर पडायला लागतात की तो कानापर्यंत लाल! ती वाक्यं इथे देता येणार नाहीत, कारण हे मासिक रेक्टर मॅडमही वाचतात आणि काही जणांचे आईवडीलही. पण गंमत त्या वाक्यांपेक्षा समोरच्याच्या चेहऱ्यावर जास्त असते. पळून जावं तर म्हाताऱ्या बाईचा अपमान, थांबावं तर आपली पंचाईत. संस्कार म्हणतात थांब, पाय म्हणतात पळ!

मी खूप हसले. मग दोन दिवसांनी मला झोप येईना. झोप का येईना, ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगते.

छुपा कॅमेरा ही काही आयर्लंडची आयडिया नाही. अमेरिकेत ॲलन फंट नावाच्या माणसाने १९४७ साली आधी रेडिओवर छुपा माइक वापरून कार्यक्रम सुरू केला, आणि १९४८ साली तो टीव्हीवर आणला. तोच पुढे 'कँडिड कॅमेरा' म्हणून जगभर गाजला. शेवटी "हसा, तुम्ही कँडिड कॅमेऱ्यावर आहात" असं सांगायची पद्धत तिथलीच. आयर्लंडमध्ये माइक मर्फी नावाचे निवेदक १९७९ ते १९८२ या काळात 'द लाइव्ह माइक' नावाचा कार्यक्रम करायचे. त्यातही छुप्या कॅमेऱ्याचे प्रसंग असायचे. त्यातला एक आजही तिकडे आठवला जातो. गे बर्न म्हणजे आयर्लंडच्या टीव्हीवरचे सगळ्यात मोठे निवेदक. 'लेट लेट शो' त्यांनी १९६२ पासून १९९९ पर्यंत चालवला. हे गृहस्थ ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात कॅमेऱ्यासमोर उभे राहून गंभीरपणे काहीतरी सांगायचा प्रयत्न करतायत, आणि वेष बदललेले मर्फी मध्येमध्ये येऊन त्यांना सळो की पळो करून सोडतायत! शेवटी इतक्या सभ्य माणसाच्या तोंडून शिवी गेली, आणि अख्ख्या देशाला आनंद झाला.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. यात बकरा कोण झाला? देशातला सगळ्यात वजनदार टीव्हीवाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट. पुरुषाने म्हातारी बाई होऊन लोकांना हसवणं हेही डब्लिनला नवीन नाही. जिमी ओडी नावाचा नट १९३०च्या दशकात 'बिडी मलिगन' हे सोंग घ्यायचा. बिडी म्हणजे डब्लिनच्या कूम या जुन्या गरीब वस्तीतली, रस्त्यावर माल विकणारी फटकळ बाई. पुढे ब्रेंडन ओकॅरलने १९९२ साली रेडिओवर 'मिसेस ब्राउन' आणली, तीही बाजारात विकायला बसणारीच. २०११ पासून 'मिसेस ब्राउन्स बॉइज' टीव्हीवर आलं आणि ती इंग्लंडमध्येही घराघरात पोचली. म्हणजे गॅलघरची चावट म्हातारी एका मोठ्या खानदानातली आहे! फरक एकच. बिडी आणि मिसेस ब्राउन यांना बघायला लोक तिकीट काढून किंवा टीव्ही लावून बसायचे. ही बया तिकीट न काढलेल्या लोकांकडे स्वतः चालत गेली.

हे वाचताना काही जणांच्या डोक्यात आपली मावशी आली असेल. तमाशातली गवळण बघितलीय ना? मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची पुढारीण असते ती मावशी. ती पुरुषच असते. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात आणि मग मावशीचं तोंड सुटतं. या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण म्हातारीच्या तोंडी चावटपणा घातला की लोक माफ करतात, एवढं दोन्हीकडच्या लोकांना आपापलं कळलेलं दिसतं.

असो. आता झोपेचं.

गेल्या सेमिस्टरला सबमिशन संपल्याच्या रात्री आम्ही चौघींनी एक प्रँक केला. जर्नल्स सह्या होऊन आली होती, डोकं रिकामं होतं, आणि रिकामं डोकं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कॉलेजातली एक मैत्रीण राहायला आली होती. मेसमध्ये तिला कुणी ओळखत नव्हतं. तिला साडी नेसवली, इंटर्नशिपचं जुनं आयकार्ड उलटं करून गळ्यात अडकवलं, हातात फाइल दिली. ती झाली 'युनिव्हर्सिटीची इन्स्पेक्शन मॅडम'. माझा मोबाइल ताटांच्या स्टँडमध्ये, दोन ताटांच्या फटीत लावला. आणि मॅडमना पाठवलं मेसच्या मावशींकडे.

मॅडमनी झकास काम केलं. तेलाचा डबा उघडा का? डोक्याला टोपी का नाही? पिण्याच्या पाण्याची नोंदवही कुठाय? आणि शेवटी, "तुमचं नाव लिहून घेतलंय. उद्यापासून कामावर यायचं नाही."

मावशी म्हणाल्या, "मॅडम, चूक झाली. काढू नका. मुलगी बारावीला आहे."

तेवढ्यात आम्ही तिघी "बकराऽऽऽ!" करून बाहेर उडी मारली. मावशी आधी बघतच राहिल्या. मग हसल्या. हो, हसल्या! व्हिडिओत स्पष्ट दिसतं. आम्ही त्याला गाणं लावलं आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. रात्री दीडला शंभरेक जणींनी हसणारे चेहरे टाकले होते. एवढा भाव मला तीन वर्षांत कधी मिळाला नव्हता.

दिवाळीत चावट म्हातारी बघितल्यावर मला आमचा व्हिडिओ आठवला. म्हटलं, आपलाही तसाच मस्त झालाय, ताईला दाखवू. हॉलमध्ये बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते, म्हणून आवाज बंद करून लावला. आवाज नसला की माणूस चेहरा सोडून बाकीचंही बघतो. मावशी हसतायत, पण त्यांचा हात पदराला घट्ट धरून आहे, आणि तो हात थरथरतोय. आम्ही "बकरा" ओरडल्यानंतरही थरथरतोय. व्हिडिओ संपेपर्यंत थरथरतोय. ताई काही बोलली नाही. एक चकली उचलली आणि आत निघून गेली.

तेव्हापासून मी एकच विचार करतेय. दोन्हीकडे कॅमेरा लपवलेला, दोन्हीकडे सोंग, दोन्हीकडे समोरच्याला पत्ता नाही. मग तिकडचं बघून मी हसले, आणि माझं स्वतःचं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं का झालं?

मी मेकॅनिकलची, त्यामुळे उत्तरही तसंच सुचलं. कुठलंही स्ट्रक्चर बघितलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, लोड कुठे जातोय? विनोदालाही वजन असतं आणि ते कुणालातरी उचलावंच लागतं. चावट म्हातारीच्या प्रसंगात ते वजन बहुतेक म्हातारी स्वतः उचलते. हास्यास्पद ती असते. लाज सोडलेली ती असते. समोरचा मुलगा तर उलट चांगलाच दिसतो, म्हाताऱ्या बाईसाठी थांबणारा, उलट न बोलणारा. कॅमेरा दाखवल्यावर त्याला कळतं की आपण मूर्ख नव्हतो, ही बाईच खोटी होती! गे बर्नच्या बाबतीत वजन पडलं ते ज्याला ते सहज पेलतं अशा माणसावर.

आणि आमच्या व्हिडिओत? आमची 'मॅडम' हास्यास्पद नव्हतीच. ती रुबाबदार होती. वेडंवाकडं तिने काहीच केलं नाही. तिने अगदी तेच केलं, जे खऱ्या मॅडम करू शकतात. मग हसायचं कशाला? हसण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, मावशींची भीती. सगळा लोड एका माणसावर, आणि तोही त्या खोलीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर. फॅक्टर ऑफ सेफ्टी शून्य.

भाषासुद्धा बघा ना. तिकडच्या सोंगाला नाव आहे, तेच सोंग प्रसिद्ध आहे. समोर कोण कोण सापडलं, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. आपल्याकडे मात्र 'बकरा केला', 'पोपट झाला', 'मामा बनवला'. सगळे शब्द फसणाऱ्याचे! फसवणाऱ्याला आपल्याकडे शब्दच नाही. सायरस ब्रोचाच्या 'एमटीव्ही बकरा'ने तर हा शब्द घरोघरी नेला. आणि बकरा या शब्दाचा मूळ अर्थ काय, बकऱ्याचं पुढे काय करतात, ते रविवारी मेसला जाणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, ही बाई एका आयरिश टीव्हीवाल्याची आरती करतेय. तसं नाही. चावट म्हातारीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पहिली गोष्ट, तेच बोलणं एखाद्या तरुण मुलाने रस्त्यात मुलीला ऐकवलं असतं तर आपण त्याला विनोद म्हटलं असतं का? आपण त्याला छेडछाड म्हटलं असतं, आणि बरोबरच म्हटलं असतं. म्हातारीला सूट मिळते, कारण म्हातारीची कुणाला भीती वाटत नाही. पण नको असलेलं बोलणं ऐकावं लागणं हे काही प्रत्येकाला गमतीचं वाटत नसणार. दुसरी गोष्ट, म्हाताऱ्या बाईच्या मनात अजून काही इच्छा असू शकते, एवढ्यावरच आपण का हसतो? माझ्या आजीला हे दाखवलं असतं तर ती हसली असती की गप्प झाली असती, मला सांगता येत नाही. तिसरी गोष्ट, 'औल वॉन' ही गरीब, कष्टकरी वस्तीतलीच का? मोठ्या बंगल्यातली आजीबाई चावट का नाही? हे प्रश्न मला पडले आणि ते गॅलघरच्या नावावर तसेच राहू देत.

पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. या माणसाचं लहानपण फार वेगळं होतं. त्याच्या आईने स्किझोफ्रेनिया असलेल्या सहा पुरुषांना आपल्या घरात राहायला घेतलं होतं. त्या घरावर पुढे 'मॅडहाउस' हे नाटक झालं आणि त्याच नावाचं त्याचं पुस्तकही आलं. रस्त्यावर लोक ज्यांच्याकडे बघून हसतील किंवा वाट बदलतील, अशा माणसांच्या पंगतीला बसून तो जेवत मोठा झाला. त्याचा त्याच्या सोंगांशी काय संबंध, हे मी ठरवणारी कोण? पण आपल्यापैकी कितीजण मेसच्या मावशींच्या, वॉचमनकाकांच्या पंगतीला बसून कधी जेवलोय? मी तरी नाही. तीन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले, त्यांच्याबरोबर एकदाही नाही.

आता मुद्द्यावर येते. यंदाच्या गॅदरिंगमध्ये 'हॉस्टेल का बकरा' असा एक आयटम ठेवायचं चाललंय. छुप्या मोबाइलवर शूट करायचं, फर्स्ट इयरच्या मुलामुलींना, वॉचमनला, झेरॉक्सवाल्या काकांना फसवायचं आणि मग स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर दाखवायचं. कमिटीतल्या मित्रांनी मला विचारलं, तुझा मेसचा व्हिडिओ ओपनिंगला लावू का? एकदम हिट आहे!

मी नाही म्हटलं. "एवढं काय सिरियस घेतेस?" असं मला ऐकवण्यात आलं. म्हणून हा लेख.

काहीजण म्हणतात, रॅगिंग होत नाहीये ना, मग झालं. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ सालचा आहे, युजीसीचे नियम २००९ चे आहेत. ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनी त्या शपथपत्रावर न वाचता सही केलीय. मी आता वाचलं. युजीसीच्या नियमांत फ्रेशर 'किंवा इतर विद्यार्थी' यांना त्रास, भीती, मानसिक इजा होईल असं वागणं म्हणजे रॅगिंग. म्हणजे फर्स्ट इयरच्या मुलाला पडद्यावर रडवलं तर तुम्ही सरळ त्यात बसता, गाणं लावलं तरी! पण गंमत बघा, त्यात मेसच्या मावशी येत नाहीत, वॉचमनकाका येत नाहीत. कारण ते विद्यार्थी नाहीत. म्हणजे ज्युनिअरला निदान तक्रार करायला जागा आहे. मावशींना हसण्याशिवाय दुसरा पर्यायच नव्हता. चार पोरींनी फसवलं म्हणून त्या कुणाकडे जाणार होत्या? त्या हसल्या म्हणजे त्यांना मजा आली, असं मी इतके दिवस धरून चालले होते. हसणं हाही कधीकधी कामाचाच भाग असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आणि स्टाफला, विशेषतः रेक्टर मॅडमना, एक विनंती. हे वाचून लगेच नोटीस लावू नका की 'यापुढे हॉस्टेलमध्ये कोणत्याही प्रकारची चेष्टामस्करी करण्यास सक्त मनाई आहे'. चेष्टेशिवाय हॉस्टेल म्हणजे फोडणीशिवाय वरण. मला आयटम बंद करायचा नाही, बदलायचा आहे. माझे तीन नियम:

एक. सोंग घेणाराच सगळ्यात वेडा दिसला पाहिजे. समोरच्याने काहीच केलं नाही, नुसता उभा राहिला, तरी विनोद झाला पाहिजे. समोरचा घाबरल्याशिवाय जमत नसेल, तर तुमचं स्क्रिप्टच वाईट आहे.

दोन. पोटावर, नोकरीवर, मार्कांवर आणि घरच्यांच्या तब्येतीवर चेष्टा नाही. 'तुझी केटी लागली', 'घरून फोन आलाय, लवकर ये', 'उद्यापासून कामावर येऊ नका' हे विनोद नाहीत, या धमक्या आहेत. नंतर "गंमत केली" म्हटल्याने आधीची दोन मिनिटं परत येत नाहीत.

तीन. दाखवायच्या आधी विचारायचं. तेही चारचौघांत नाही, एकट्यात. मित्रांच्या गराड्यात 'दाखवू ना रे?' विचारल्यावर नाही कोण म्हणेल? आणि ज्याची फी, पगार किंवा व्हायवा तुमच्या ओळखीतल्या माणसाच्या हातात आहे, त्याच्या 'हो'ला दोनदा तपासून बघा. टीव्हीवाल्यांनासुद्धा नंतर माणसाची संमती घ्यावी लागते. आपण तर सेमिस्टरभर त्याच माणसाला रोज तोंड दाखवणार असतो.

आता शेवटचं. व्हिडिओ मी ग्रुपवरून काढला. पण काढला म्हणजे गेला असं नाही. कितीजणींच्या मोबाइलमध्ये असेल, देव जाणे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया डिलीट करा, ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ समजा.

आणि मी मावशींकडे गेले. दुपारी तीनला, भांडी झाल्यावर. बरोबर कुणाला नेलं नाही. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, व्हायवाला जातो तसं. तिथे गेल्यावर सगळं विसरले, हेही व्हायवासारखंच. कसंबसं म्हटलं, "मावशी, त्या दिवशी आमचं चुकलं."

मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या रात्री घरी जाऊन मी पोरीला काही सांगितलं नाही. काय सांगू? पोरींनी चेष्टा केली म्हणून सांगू, का तुझ्या आईची नोकरी अशी एका मिनिटात जाते म्हणून सांगू?"

मला काही बोलता येईना. मीही ताटातले खडे वेचायला बसले. बऱ्याच वेळाने, माझं तोंड बघून असेल, त्याच म्हणाल्या, "आणि काय गं, एवढा खेळ करायचा होता तर मला आधी सांगायचंत की! मीच झाले असते मॅडम. तुम्हा चौघींना उभं केलं असतं ओळीत. ताटात किती टाकता, कोण भाजी फेकतं, सगळं लिहून घेतलं असतं!"

आता सांगा, आमच्यापैकी कुणाला सुचलं होतं हे? साडी, आयकार्ड, फाइल सगळं होतं, फक्त ते चुकीच्या माणसाला दिलं होतं.

हा लेख मी मावशींना विचारून लिहिलाय. छापण्याआधी त्यांना वाचायलाही दिला. एका ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली. मी 'गरीब बिचाऱ्या मावशी' असं काहीतरी लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. गॅदरिंगच्या आयटमचं विचारल्यावर मात्र एकदम खूश. "चावट म्हातारी मला जमणार नाही, पण कडक मॅडम जमेल," म्हणाल्या.

कमिटीच्या मित्रांनो, स्क्रिप्ट माझ्याकडे तयार आहे. तेव्हा गॅदरिंगच्या आधी मेसमध्ये कुणी कडक मॅडम हातात फाइल घेऊन तुमच्या ताटाकडे बघताना दिसल्या, तर घाबरू नका. नोकरी तुमची जाणार नाहीये. फार तर टाकलेली पोळी उचलून खावी लागेल.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी